बहुरूप्याचे ५१ पॉइंट

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन खेळातला ड्रुइड हा रूप बदलणारा प्राणी आहे. ब्लिझार्ड कंपनीने २००४ साली हा खेळ काढला तेव्हा त्यात पात्रांचे नऊ वर्ग होते, आणि त्यांपैकी बहुतेकांना आपण कोण आहोत हे साधारण ठाऊक होते. योद्धा मार खातो, पुजारी जखमा भरतो, चोर पाठीत सुरा खुपसतो. ड्रुइड ही तिन्ही कामे करतो, शिवाय शत्रूच्या डोक्यावर आकाशातून चंद्रप्रकाश पाडतो. अशा सर्वगुणसंपन्नाकडे इतर खेळाडू ज्या नजरेने पाहतात, ती नजर स्थळ पाहायला आलेल्या मंडळींची असते: मुलगा गातो, तबला वाजवतो, चित्रे काढतो, हे सगळे छान, पण करतो काय?

या प्रश्नाचे उत्तर टॅलेंटच्या, म्हणजे निवडून घ्यायच्या खास गुणांच्या, पॉइंटांनी द्यायचे असते. पहिला पॉइंट दहाव्या लेव्हलला मिळतो, पुढे दर लेव्हलला एक, आणि ६० व्या लेव्हलला हिशेब ५१ वर बंद होतो. हे पॉइंट तीन झाडांवर वाटायचे. बॅलन्स हे जादूचे झाड, फेरल कॉम्बॅट हे जनावरांचे आणि रेस्टोरेशन हे शुश्रूषेचे. झाडावर आणखी पाच पॉइंट टाकल्याशिवाय त्याची पुढची ओळ उघडत नाही. ही सारी व्यवस्था मूळ खेळातली, म्हणजे २०१९ मध्ये 'क्लासिक' या नावाने पुन्हा आलेल्या खेळातली. चुकीचे टॅलेंट घेऊन पस्तावण्याची खरी सोय त्यातच आहे.

बॅलन्सचे आकर्षण कळण्यासारखे आहे. लांबून मारायचे, हात मळवून घ्यायचे नाहीत. अडचण मानाची, म्हणजे मंत्रांना लागणाऱ्या शक्तीची. दोनतीन शत्रू पडले की माना संपतो आणि ड्रुइड रस्त्याच्या कडेला बसून पाणी पितो. ४० व्या लेव्हलला या झाडाच्या टोकाशी मूनकिन हे रूप मिळते: घुबडाचे तोंड, अस्वलाचा देह, डोक्यावर शिंगे. ते घेणाऱ्याला कौतुकाचे दोन शब्द जरूर ऐकायला मिळतात, पण तोवर त्याने तळी आटवलेली असतात. रेस्टोरेशन घेऊन एकट्याने लेव्हल वाढवणाऱ्याची तऱ्हा निराळी. तो मरत नाही, समोरचाही लवकर मरत नाही, आणि सामना अनिर्णित राहण्याची चिन्हे दिसू लागतात. उरते फेरल. लेव्हल वाढवायची असेल तर हेच झाड, आणि याबद्दल जाणत्या खेळाडूंत फारसा वाद नाही. वाद आहे तो फांद्यांबद्दल.

दहाव्या लेव्हलला अस्वल होता येते, पण लगेच नाही. ड्रुइड नाइट एल्फ असो की टॉरन (मूळ खेळात या दोनच जमातींना ड्रुइड होण्याची मुभा आहे), त्याला आधी मूनग्लेड या ठिकाणी जाऊन अस्वलाच्या महान आत्म्याशी बोलावे लागते. आत्मा अस्वलपणाची थोरवी सांगतो, मग लूनाक्लॉ नावाच्या प्राण्याला हरवून यायचे, आणि एवढे झाल्यावर ड्रुइड अस्वल होतो. अस्वल झाल्याझाल्या कळते की अस्वलाशी गावातले कोणी बोलत नाही. काम सांगणारा, बक्षीस देणारा, दुकानदार, कोणाशीही व्यवहार करायचा तर पुन्हा माणसात यावे लागते.

पहिले पाच पॉइंट फेरोसिटीत टाकावेत. अस्वलाच्या मॉल या फटक्याला १५ रेज (अस्वलाचे इंधन) लागतो, तो १० वर येतो. पुढे मांजराचे रूप मिळाले की त्याच्या क्लॉ या फटक्याला लागणारी ४५ एनर्जी (मांजराचे इंधन) ४० होते. काटकसर हा कंटाळवाणा गुण असला तरी इथे तो दर फटक्याला कामी येतो.

दुसऱ्या ओळीत मात्र मनाजोगते काही नाही. थिक हाइडने चिलखताचे संरक्षण १० टक्क्यांपर्यंत वाढते. फेरल इन्स्टिंक्ट हे टॅलेंट तर विचारवंतांनी अभ्यासावे असे आहे. त्याने अस्वल शत्रूच्या डोळ्यांत अधिक खुपते, आणि दबा धरून चालणारे मांजर कमी दिसते. एकाच पॉइंटात नजरेत भरण्याची आणि नजर चुकवण्याची अशा दोन्ही सोयी आहेत. एकट्याने हिंडणाऱ्याला यातली एकही फारशी लागत नाही, पण तिसरी ओळ उघडायची तर या झाडावर आणखी पाच पॉइंट ठेवावेच लागतात. थिक हाइडमध्ये ठेवावेत. मार खाणे ठरलेलेच आहे.

विसाव्या लेव्हलला मांजर होता येते. हे मांजर बिबट्याएवढे असते, पण खेळात त्याला मांजरच म्हणतात. योग असा की तिसरी ओळ नेमकी याच लेव्हलला उघडते आणि तिच्यात फेलाइन स्विफ्टनेस आहे. दोन पॉइंटांत मांजर उघड्यावर ३० टक्के जास्त वेगाने पळू लागते. लेव्हल वाढवण्याच्या खटाटोपात मारामारीपेक्षा चालणे जास्त असते. हा माणूस कुठे, त्याने मागितलेली रानडुकरे कुठे, आणि डुकरे मारून झाल्यावर पुन्हा तो माणूस कुठे! तिसाव्या लेव्हलला चित्त्याचे रूप मिळून वेग ४० टक्क्यांनी वाढतो, तरी चित्त्याला लढता येत नाही आणि मांजराला येते. म्हणून हे दोन पॉइंट साऱ्या झाडातले सर्वांत किफायतशीर, यात शंका नाही.

यानंतर शार्पन्ड क्लॉज आणि प्रिडेटरी स्ट्राइक्स. पहिल्याने जबर फटका बसण्याची शक्यता ६ टक्क्यांनी वाढते. दुसऱ्याचे महत्त्व कळण्यासाठी ड्रुइडच्या नशिबातली एक विसंगती माहीत हवी. जनावराच्या रूपात त्याच्या हातातल्या शस्त्राचा मारा मोजलाच जात नाही. जिवावर उदार होऊन मिळवलेली गदा कितीही जड असो, मांजर पंजानेच मारते. गदेवर लिहिलेली ताकद आणि चपळाई तेवढी अंगी लागते. ही तूट प्रिडेटरी स्ट्राइक्स भरून काढते: तीन पॉइंटांत लेव्हलच्या दीडपट अटॅक पॉवर, म्हणजे ४० व्या लेव्हलला ६०.

हार्ट ऑफ द वाइल्डला पाच पॉइंट लागतात आणि ते द्यावेतच. मांजराची ताकद २० टक्क्यांनी वाढते, अस्वलाचा दम २० टक्क्यांनी, आणि बुद्धी सर्व रूपांत २० टक्क्यांनी. मांजराला बुद्धीचा थेट उपयोग नाही, पण बुद्धीने माना वाढतो आणि माना रूप बदलायला लागतो. ४० व्या लेव्हलला झाडाच्या टोकावरचे लीडर ऑफ द पॅक हाती येते. कळपातल्या सर्वांच्या जबर फटक्यांची शक्यता त्याने ३ टक्क्यांनी वाढते. या सुमारास ड्रुइड एखाद्या माळावर एकटाच हिंडत असतो, त्यामुळे काही काळ तो एका सभासदाच्या कळपाचा बिनविरोध नेता राहतो.

उरलेल्या २० पॉइंटांत खरी गंमत आहे. मांजर लढत असताना माना आपसूक भरत जातो. लढाई संपली की ड्रुइड मूळ रूपात येतो, स्वतःच्या जखमा भरतो आणि पुन्हा मांजर होतो. पण नव्याने झालेल्या मांजराची एनर्जी शून्यावर असते, आणि समोर शत्रू उभा असताना ते नुसतेच पाहत राहते. रेस्टोरेशनच्या पहिल्याच ओळीतले फ्युरर पाच पॉइंटांत हे दुखणे दूर करते: मांजर ४० एनर्जी घेऊन जन्मते, अस्वल १० रेज घेऊन. काही जण फ्युरर दहाव्या लेव्हलपासूनच घेतात. मांजर व्हायला अजून दहा लेव्हल असताना ही घाई कशाला, ते कळत नाही. ४१ ते ४५ हीच त्याची योग्य वेळ. मग बॅलन्सच्या झाडावर जाऊन आधी पहिल्या ओळीत पाच पॉइंट निमूटपणे भरावेत, आणि नॅचरल वेपन्सने माऱ्यात १० टक्के वाढ करून ओमेन ऑफ क्लॅरिटी घ्यावे, म्हणजे अधूनमधून एखादा फटका फुकट बसतो. पुढचे तीन नॅचरल शेपशिफ्टरमध्ये गेले की रूप बदलण्याचा खर्च ३० टक्क्यांनी उतरतो.

अधूनमधून इतर चौघांबरोबर भुयारात शिरण्याची वेळ येते. मांजर म्हणून रुजू झालेल्या ड्रुइडला तिथे हमखास विचारले जाते, "हील करशील ना?" करता येते. ६० च्या आतल्या भुयारांत बुद्धी वाढवणारे कपडे बरोबर ठेवले तर फेरल ड्रुइड चौघांना सहज जगवतो. त्यासाठी एकही पॉइंट रेस्टोरेशनकडे वळवू नये. पण चौघे मेलेच तर ड्रुइड त्यांच्यापैकी एकालाच उठवू शकतो आणि मग अर्धा तास थांबतो. मूळ खेळात त्याला मेलेले उठवण्याचा दुसरा मंत्र दिलेलाच नाही.

झालेली वाटणी मोडता येते. ट्रेनरला पहिल्या वेळी एक सोन्याचे नाणे द्यायचे, दुसऱ्या वेळी पाच, मग दर वेळी पाच जास्त, आणि ५० वर हा भाव थांबतो. कंपनीनेही पुढे स्वतःची वाटणी मोडली. २०१२ मध्ये ही झाडे काढून टाकली, त्याच वेळी मांजर आणि अस्वल कायमची वेगळी निघाली, आणि २०२२ मध्ये झाडे नव्या रूपात परत आली. 'क्लासिक' खेळणाऱ्याने मात्र ६० पर्यंत निमूटपणे मांजर राहावे आणि निदान एक सोन्याचे नाणे बाजूला ठेवावे. ६० नंतर ड्रुइडने काय व्हायचे ते गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा संघ, ठरवते, आणि गिल्डला बहुतेक वेळा हीलरच कमी पडत असतो.