आधी लगीन मोरीचं

मुंबईच्या उपनगरात माणूस दोन कामं वर्षानुवर्षं पुढे ढकलतो. एक रूट कॅनल, दुसरं किचन. दोन्हींत आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही, दोन्हींत ड्रिलचा आवाज कवटीपर्यंत पोचतो आणि दोन्हींत तोंड वासून बसण्याचे पैसे आपणच देतो.

मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरातल्या किचनला मी बारा वर्षं हात लावला नाही, कारण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार होती. २००९ सालच्या सरकारी निर्देशांत पुनर्विकासाचं गणित तीन चतुर्थांश मतांचं होतं, ते जुलै २०१९च्या शासन निर्णयाने ५१ टक्क्यांवर आलं. आमच्या सोसायटीतले ५१ टक्के सभासद फक्त वार्षिक सभेनंतरच्या बटाटेवड्यावर एकत्र येतात आणि तिथेही चटणीवरून दोन तट आहेत. तेव्हा उद्या पडायच्या इमारतीत आज पैसे कशाला घाला, असं म्हणत आम्ही कडाप्प्याच्या ओट्यावर एक तप काढलं. अखेर ओट्याखालची फळी साबुदाण्याच्या डब्यासकट खाली बसली. दिवस आषाढी एकादशीचा होता. बायकोने साबुदाणा केरात भरला, मला निर्जळी घडवली आणि किचनचा ठराव संध्याकाळी एकमताने मंजूर झाला.

घरात बैठक बसली. मी पहिला मुद्दा मांडला : शटरचा रंग कोणता? किचनचा विषय निघाला की अख्खा महाराष्ट्र इथूनच सुरुवात करतो. मुलीने मोबाइलवर कुठलासा फिकट हिरवा काढला. मेव्हण्याने हँडल नसलेली शटरं सुचवली. त्याच्याकडे ती आहेत आणि एकही पटकन उघडत नाही. वास्तुवाल्यांनी शेगडी आग्नेयेला, पाणी ईशान्येला सांगितलं. आमच्या आग्नेयेला लिफ्टचा डक्ट आहे. शेगडी तिथे ठेवली तर भाजी येता-जाता प्रत्येक मजल्यावर ढवळावी लागेल.

बायको एवढंच म्हणाली, “अहो, मोरीचा नहाणी ट्रॅप बिल्डरच्या वेळचा आहे. आधी पाणी कुठून कसं जातं ते बघा. आणि ओटा माझ्या उंचीचा करा, तुमच्या नको.”

“ते होईल गं,” मी म्हणालो, “आधी रंग तर ठरू दे.”

वाचन करून मग काम हाती घेण्याची मला खोड आहे. मॉड्युलर किचनची आजी म्हणावी असं फ्रँकफर्ट किचन १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी आखलं. आगगाडीच्या डायनिंग कारमधला भटारखाना पाहून, बाईमाणसाची पावलं आणि मिनिटं मोजून, साधारण साडेसहा चौरस मीटरमध्ये, म्हणजे सत्तर चौरस फुटांत त्यांनी सगळं बसवलं. फ्रँकफर्टमधल्या हजारो घरांत ते लागलं. आपल्याला त्याआधी स्वयंपाकाचा गंध नव्हता, असं बाईंनीच पुढे सांगितलं. हे वाचून मला धीर आला. माझं किचन आठ बाय सात, म्हणजे छप्पन्न चौरस फूट, आणि स्वयंपाकाचा गंध मलाही नाही. फरक इतकाच, की त्यांनी पावलं मोजली आणि मी शटरच्या छटा मोजल्या. एकोणीस भरल्या.

मग परवानगी. सोसायटीच्या उपविधींनुसार घरात फेरफार करायचे तर कमिटीची लेखी परवानगी लागते. सेक्रेटरींनी अर्ज घेतला, डिपॉझिट घेतलं आणि तोडफोडीच्या वेळा दिल्या : सकाळी दहा ते एक, दुपारी तीन ते सहा. मधले दोन तास सेक्रेटरींच्या वामकुक्षीचे. सिमेंटची गोणी लिफ्टमधून न्यायची नाही आणि डेब्रिज जिन्यात ठेवायचं नाही. मग ते ठेवायचं कुठे, असं विचारलं तर म्हणाले, “आमच्या वेळी आम्ही फार केलं नव्हतं.” महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ नावाची सेवा आहे, राडारोडा रीतसर उचलून नेतात. आमच्या कंत्राटदाराची सेवा त्याहून जुनी होती. तो रात्री टेम्पो भरून ‘कुठेतरी’ जायचा. मुंबईच्या खाड्या कशाने भरल्या, हा प्रश्न मला त्यानंतर पडलेला नाही.

या कंत्राटदाराने पहिल्याच भेटीत हॉलकडच्या भिंतीवर टिचकी मारली. “साब, ये दीवार उडा देते हैं. ओपन किचन हो जायेगा.” भिंत खांबाला लागून होती. मीही क्षणभर खुर्चीवर बसून आमटी ढवळण्याचं स्वप्न पाहिलं. पण मुलुंडपासून पाच स्टेशनांवर घाटकोपर आहे. तिथे पश्चिमेला दामोदर पार्कमधली चार मजली इमारत २५ जुलै २०१७ रोजी भरदिवसा कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर तेव्हा नूतनीकरण सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. यावर विनोद होत नाही. इंजिनिअरला दाखवल्याशिवाय भिंतीला टिचकीसुद्धा नको, असं बायकोने सांगितलं. भिंत राहिली. तिच्यावर आता कालनिर्णय आहे.

मग एस्टिमेट. ते एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे आलं. भाव रनिंग फुटाचा. त्याखाली बारीक अक्षरांत : बिजागरी एक्स्ट्रा, पॉइंट एक्स्ट्रा, प्लंबिंग एक्स्ट्रा, डेब्रिज एक्स्ट्रा. भावात धरलेली वस्तू एकच दिसत होती, ती म्हणजे फूट. पक्कं बिल मागितल्यावर त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि १८ टक्के जीएसटीचा उच्चार हलक्या आवाजात, दुखवट्याला आल्यासारखा केला. निम्मे पैसे आगाऊ घेतले. त्या दिवसापर्यंत तो माझा फोन पहिल्या रिंगला उचलत असे.

पुढचे दोन महिने मी त्याची भाषा शिकलो. ‘माल रस्ते में है’ म्हणजे ऑर्डर द्यायची आहे. ‘कारीगर गाँव गया’ म्हणजे कारागीर घाटकोपरला दुसऱ्याच्या किचनमध्ये आहे. आणि ‘हो जायेगा’ हा शब्द व्याकरणाने भविष्यकाळी असला तरी अर्थाने विध्यर्थी आहे : ईश्वराची इच्छा असल्यास होवो.

प्लायवूड मात्र मी जातीने तपासलं. पाण्याजवळ मरीन प्लाय हवी आणि तिच्यावर आयएस ७१० हा शिक्का हवा, हे मी वाचलं होतं; बाजारात तिला ‘सातसौदस’ म्हणतात. साधी प्लाय आयएस ३०३. सकाळी साडेनऊला दारात उभी केलेली एक शीट मी चष्मा लावून पाहिली. शिक्का होता. मी विजयी मुद्रेने ऑफिसला गेलो. उरलेल्या शीट दुपारी आल्या.

गॅसचा पाइप ट्रॉल्यांच्या मागे गाडायलाही ‘अपना आदमी’ तयार होता. त्याला बायकोने दारातूनच परत पाठवलं. तो पाइप गॅस कंपनीच्याच माणसाने हलवायचा असतो आणि खोक्यात कोंडायचा नसतो. एवढी एक गोष्ट या पहिल्या फेरीत शास्त्रशुद्ध झाली.

शेवटी प्लंबर आला. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. देशभरातले कितीतरी प्लंबर त्या एका जिल्ह्यातून येतात. तिथल्या पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी संस्थाच आहे. तो मोरीशी उकिडवा बसला, ट्रॅपच्या कडेला नख लावलं आणि ओलं झालेलं बोट मला दाखवलं. “साब, जोड गया है. पहले ये बदलो, वॉटरप्रूफिंग करो, अडतालीस घंटा पानी भरके देखो. फिर लादी.”

सगळ्या कामात खरं बोललेला तो पहिला माणूस. साहजिकच आम्ही त्याचं ऐकलं नाही. आठ हजार आणि चार दिवस लागले असते. कंत्राटदार म्हणाला, “लादी के नीचे कौन देखता है?” मला ते फार पटलं. त्या आठ हजारांत मी ड्रॉवरना सॉफ्ट क्लोज बसवून घेतलं. कितीही जोरात ढकला, ड्रॉवर आवाज न करता, समंजसपणे बंद होतो. भांडणात आदळआपट करण्याचं घरातलं शेवटचं साधनही त्यामुळे गेलं.

दिवाळीच्या आत किचन झालं. मोरबीच्या टाइल्स, काळा ग्रॅनाइट, लोहार चाळीतून आणलेले दिवे आणि तो फिकट हिरवा. पाहुणे यायचे, शटरवरून हात फिरवायचे, ड्रॉवर ढकलून तो हळूच बंद होताना पाहायचे आणि किंमत विचारायचे. ओटा माझ्या उंचीचा झाला होता. बायको पोळ्या लाटताना टाचा उचलायची. त्याचं कोणी काही विचारलं नाही.

सहाव्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकांनी बोलावलं. काका रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात नेलं, स्टुलावर चढवलं आणि टॉर्च मारला. छतावर पिवळट डाग. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखलेली, शेजारी तारीख. तिच्या बाहेर दुसरी रेघ, दुसरी तारीख. अशा पाच. ओंडक्यावरून झाडाचं वय मोजावं तसं माझ्या नव्या किचनचं वय त्यांच्या छतावर मोजता येत होतं.

“दर रविवारी आखतो,” काका म्हणाले. “साधारण दीड इंच वाढतो.” मग त्यांनी उपविधींची झेरॉक्स हातात ठेवली. बाहेरच्या सामायिक पाइपांची आणि पावसाची गळती सोसायटीच्या खर्चाने, घरातल्या नळ-मोऱ्यांची सभासदाच्या. शेवटच्या शब्दाखालीही तीच पेन्सिल होती.

कंत्राटदाराने अकराव्या फोनला निदान केलं, “अपना नहीं है साब, बाजूवाले का है.” नव्या इमारतीत पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर रेरा कायद्याने बिल्डरला तो स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. किचनच्या कंत्राटदाराची गॅरंटी लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत असते.

ट्रॉल्या काढल्या. सिंकखालच्या प्लायचे पदर सुटले होते. दिवाळीतले चिरोटे बायकोने इतके खुसखुशीत कधी केले नव्हते. प्लायवर शिक्का कुठलाच नव्हता. लादी उखडली तर खाली प्लंबरचं बोट जिथे ओलं झालं होतं, तिथेच सगळं ओलं.

मी पुन्हा रंगाचा विषय काढणार, इतक्यात बायको म्हणाली, “आधी लगीन मोरीचं.”

दुसरी फेरी तिने चालवली. एस्टिमेट कागदाच्या पुढच्या बाजूला, एकेक वस्तू वेगळी लिहून. पैसे कामाच्या टप्प्यांनी, आणि शेवटचा हप्ता पाण्याची परीक्षा झाल्यावर. केंद्रापाड्याचा माणूस शोधून परत आणला. नवा ट्रॅप, नवा उतार, वॉटरप्रूफिंग. मग मोरीचं तोंड बंद करून पाणी भरलं आणि तिने भिंतीवर पातळीची खूण केली. तीही पेन्सिलीनेच. अठ्ठेचाळीस तास वर ती खूण बघत होती, खाली काका छत बघत होते आणि मध्ये मी कुणाच्याच कामाचा नव्हतो. लादी बसण्याआधी तिने प्रत्येक पाइपचे टेप धरून फोटो काढले; पुढे खिळा ठोकताना पाइप फुटायला नको म्हणून. ओटा दोन इंच उतरला. आता वाकावं मला लागतं, पण मी ओट्याशी फक्त चहाचा कप विसळायला जातो.

पाहुणे अजूनही येतात, शटरवरून हात फिरवतात. गेल्या रविवारी काका आले. हिरव्याकडे पाहिलं नाही, ग्रॅनाइटकडे पाहिलं नाही. गुडघे धरत सिंकपाशी खाली बसले, दार उघडलं, टॉर्च मारला आणि ट्रॅपच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं. बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. कोरडं.

“छान झालंय किचन,” ते म्हणाले.

बायकोने त्यांना चहाबरोबर खोबऱ्याची वडी दिली. बाकीच्या पाहुण्यांना बिस्किटं मिळतात.