बंड्याचं करायचं काय?

(रंगमंचावर एक खुर्ची. नट एकटाच. चष्मा चढवला की आजोबा, खांद्यावर नॅपकिन टाकला की आजी, ओढणी घेतली की सूनबाई, हातात मोबाइल आला की चिरंजीव, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवला की डॉक्टर. यातलं काहीच नसेल तेव्हा निवेदक.)

डोंबिवलीतल्या एका तिसऱ्या मजल्यावर रविवारी सकाळी घरची बैठक भरली. विषय एकच : बंड्या. जात लॅब्रेडॉर, वय १० महिने, वजन २८ किलो. अलीकडे त्याने सोफ्याच्या चारही पायांपाशी तंगडी वर करून हद्द आखली होती, गेट उघडं दिसताच दोनदा पोबारा केला होता आणि सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या पायाला अशी काही मिठी मारली होती, की गुरुजी संकल्पाच्या मध्येच पाटावरून उठले.

(ओढणी.) "डॉक्टर म्हणतात, न्यूटरिंग करायचं का ते ठरवा."

(नट हळूच दोन्ही गुडघे जवळ घेतो.)

घरातल्या दोन पुरुषांनी नेमकं हेच केलं. तिसरा, म्हणजे ज्याच्यावर बेतलं होतं तो, पंख्याखाली चारही पाय वर करून घोरत होता.

(चष्मा.) "आणीबाणी परत आली काय?" १९७६ मध्ये आजोबा सरकारी नोकरीत होते. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, पण आजोबांना अजूनही कुणी फॉर्म पुढे केला की घाम फुटतो.

बैठक दवाखान्यात हलली.

(स्टेथोस्कोप.) "आजोबा, नसबंदीत फक्त नळी कापतात. वृषण जागेवर, हार्मोन चालू. इथे पूर्ण भूल देऊन दोन्ही वृषणच काढायचे. मग १० ते १४ दिवस टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर. आणि लगेच निर्धास्त होऊ नका, आधीचा साठा काही आठवडे पुरतो."

(चष्मा. आदराने.) "वा! बंड्या!"

(मोबाइल.) चिरंजीवांनी नॉर्वे काढला. "तिथे सबळ कारणाशिवाय असं करायला कायद्याने बंदी आहे!"

(ओढणी.) "नॉर्वेत स्टेशनबाहेर कुत्र्यांची फौज असते का? आपल्याकडे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव कुत्र्याच्या नसबंदीची जबाबदारी मालकावर टाकलीय."

डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. वृषणाच्या कर्करोगाचा प्रश्नच मिटतो, उतारवयात प्रोस्टेट वाढण्याचा त्रास टळतो. पळून जाणं, तंगडी वर करणं, गुरुजींवर प्रेम करणं हे बऱ्याच कुत्र्यांत कमी होतं, सगळ्यांत नाही. घाबरून चावणारा कुत्रा मात्र याने सुधारत नाही, कधी कधी जास्तच बिथरतो. प्रोस्टेटच्या कर्करोगापासूनही संरक्षण मिळत नाही. शिवाय भूक वाढते.

(नॅपकिन.) "वाढते? परवा त्याने डब्यासकट श्रीखंड खाल्लं!"

घाईही नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या लॅब्रेडॉरमध्ये सांध्यांच्या विकारांचं प्रमाण दुप्पट होतं. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये त्याहूनही जास्त. त्यांच्याच २०२० च्या अभ्यासात छोट्या जातींमध्ये सांध्यांचा हा धोका दिसला नाही.

(चष्मा.) "सांध्यांचं सोडा. त्याच्या स्वाभिमानाचं काय?"

(मोबाइल.) "सोय आहे, बाबा! अमेरिकेत मिझुरीच्या ग्रेग मिलरने कुत्र्यांसाठी कृत्रिम वृषण काढलेत. तीन आकार, तीन प्रकारचा टणकपणा. गमतीशीर संशोधनाचं २००५ चं इग नोबेल मिळालंय त्याला!"

(चष्मा.) "टणकपणा कुणी तपासायचा?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले.

शेवटी ठरलं : बंड्या दीड वर्षाचा होऊ द्यायचा, तोवर पट्टा आणि शिस्त, मग शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी संमतीचा फॉर्म आत्ताच दिला. चिरंजीवांना पेन सापडेना. आजोबांना चष्मा सापडेना. (तो नाकावरच आहे.) आजीने खांद्यावरच्या नॅपकिनला हात पुसले आणि झोकात सही ठोकली.

(चष्मा.) "अगं, त्या मुक्या जिवाला विचारलंस तरी का?"

(नॅपकिन.) "तुम्हाला कुणी विचारलं होतं? नसबंदीवाल्यांनी हातात ट्रान्झिस्टर ठेवला आणि तुम्ही 'सेल घातलेत का?' एवढंच विचारून आत गेलात!"

(अंधार.)