साडेनऊचा यमन

जूनच्या शेवटी म्युनिकमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो. रात्रीच्या सव्वानऊला. आणि यमन हा दिवेलागणीनंतरचा राग. पुण्यात दिवेलागण उन्हाळ्यात फार तर सव्वासातची. देवापाशी निरांजन, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी आणि कुणाच्या तरी खिडकीतून येणारा यमन हे सगळं तासाभरात उरकायचं. इथे दिवे लावेपर्यंत साडेनऊ होतात आणि दहाला शांतता सुरू होते. ही शांतता नियमातली. रात्री दहा ते सकाळी सहा शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं काही करायचं नाही, असं इमारतीच्या नियमावलीत छापलेलं असतं आणि जिन्यात लावलेलंही असतं. म्हणजे उन्हाळ्यात यमनाच्या वाट्याला अर्धा तास येतो. किशोरीताई गंधारापाशी जरा रेंगाळल्या की पावणेदहा झालेच. मालकंस तर सरळसरळ बेकायदा.

डिसेंबरात सगळं उलटं. सूर्य साडेचारच्या आत बुडतो. मारवा सूर्यास्ताचा, म्हणजे तो ऐकायचा ऑफिसात, तिमाही आकड्यांच्या मीटिंगमध्ये. खरं सांगायचं तर तो तिथे शोभतोही. षड्जावर टेकायचं टाळत राहणारी मारव्याची ती हुरहूर आणि चार वाजता खिडकीबाहेर दाटणारा अंधार यांचं फार जमतं. भैरव सकाळी आठला, खच्चून भरलेल्या मेट्रोत. भातखंडे मुंबईचे. रागांचे प्रहर त्यांनी नीट मांडून दिले तेव्हा कुणी अठ्ठेचाळीसाव्या अक्षांशावर जाऊन मारवा ऐकेल, हे त्यांच्या मनात यायचं कारण नव्हतं. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे सरकारच घड्याळ तासभर पुढेमागे करतं. त्या दिवशी तोडीने काय करावं?

एका मैत्रिणीचा सल्ला असा की पुण्याच्या घड्याळाने ऐकावं. पण पुण्याचा साडेसातचा यमन इथे उन्हाळ्यात दुपारी चारला येतो. डोक्यावर ऊन, खाली अंगणात शेजाऱ्यांची पोरं रबरी तलावात डुंबताहेत, आणि आपण तीव्र मध्यमाची वाट बघत बसायचं. नको.

उपाय अर्थात हेडफोनचा. तो लावला की सूर्य, सरकार आणि शेजारी तिघेही गप्प बसतात. पण माझी अडचण तिथूनच सुरू होते. मला गाणं एकटीने ऐकता येत नाही. म्हणजे ऐकू येतं, पण पोचत नाही. आमच्या घरी कॅसेट लागली की जागेवर कुणीतरी ‘अहाहा’ म्हणायचं आणि आतल्या खोलीतून दुसरं कुणीतरी ‘काय गेलं? मागे घे, मागे घे’ म्हणून ओरडायचं. भीमसेनजींची तान आमच्याकडे सलग अशी कधी ऐकलीच गेली नाही. सवाई गंधर्व महोत्सवात तर शेजारी परका माणूस असतो. तो समेवर तुमच्याकडे बघून मान हलवतो, तुम्हीही हलवता. बैठक सरेपर्यंत त्याला द्रुतापेक्षा विलंबित आवडतं, तबलजीवर त्याचा राग आहे आणि त्याच्या थर्मासातली कॉफी बरी आहे, एवढं तुम्हाला कळलेलं असतं. नाव मात्र विचारायचं राहून जातं. 1953 पासून पुण्यात हे चाललंय आणि माझ्या मते त्यात गवयांइतकाच वाटा या शेजारच्या माणसाचा आहे.

म्युनिकमध्ये गाण्याबजावण्याची वाण आहे असं मुळीच नाही. राजवाड्यातल्या हर्क्युलिस सभागृहात बव्हेरियन रेडिओचा वाद्यवृंद ऐकावा आणि गप्प बसावं. गप्पच बसावं लागतं. हजारावर माणसं, आणि संथ भागात बासरीने काळजाला हात घातला तरी कुणाच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. ‘क्या बात है’ ओठांवर येतं, ते गिळून टाकायचं. टाळ्या सगळं संपल्यावर, मधल्या भागांनंतर नाहीत. मात्र एक भाग संपून दुसरा सुरू होण्याआधी जी चार-पाच सेकंदं मिळतात त्यात सगळं सभागृह एकदम खोकतं. पहिल्यांदा मला वाटलं, साथ आलीय. आता मीही त्यांच्याबरोबर खोकते. दाद द्यायची तर तिथल्या रिवाजाने द्यावी.

सिनेमाचं जरा वेगळं. मी मुंबईकडची म्हटल्यावर ऑफिसातली एक बाई लगेच शाहरुखबद्दल विचारायला लागली. 2004 पासून एका जर्मन वाहिनीने त्याचे सिनेमे जर्मन बोलायला लावून दाखवले, तेव्हापासून ती त्याची भक्त आहे. तिला ‘सामना’सारख्या मराठी सिनेमाबद्दल सांगायचं मी मनातच ठेवलं. पण दुःख बहुधा कुठेही पोचतं. अविनाश अरुणचा ‘किल्ला’ घ्या. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, नव्या शाळेत मुलाला कुणी मित्र नाही. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिला. त्या पोरांना कोकण कुठे आहे हे ठाऊक असायची गरज पडली नाही. हसण्याचं तसं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’तले ‘सत्तर रुपये’ एवढे दोन शब्द ऐकून मराठी माणूस का खिदळतो, हे परक्याला समजावून सांगायला बसा, हसू तिथेच मरतं.

असं मी धरून चालले होते. मग एका एकतीस डिसेंबरला खालच्या मजल्यावरच्या आजींनी घरी बोलावलं. टीव्हीवर ‘डिनर फॉर वन’ लागलं होतं. हॅम्बुर्गच्या एनडीआरने 1963 साली चित्रित केलेलं, वीस मिनिटांच्या आतलं, कृष्णधवल इंग्रजी प्रहसन. मिस सोफीचा नव्वदावा वाढदिवस असतो. तिचे चारही मित्र केव्हाच देवाघरी गेलेले, पण टेबलावर त्यांची पानं मांडलेली. जेम्स नावाचा बटलर चौघांच्या वतीने चौघांचे पेले रिकामे करतो आणि जवळजवळ दर खेपेला जमिनीवर अंथरलेल्या वाघाच्या डोक्याला अडखळतो. बस, एवढंच. जर्मनीत दरवर्षी त्याच दिवशी हे दाखवतात, तेही इंग्रजीतच. आजींना इंग्रजी येत नाही म्हटलं तरी चालेल. पण जेम्स वाघापासून चार पावलांवर असतानाच त्या हसायला लागल्या. जावईबापू त्याच्या तोंडची वाक्यं त्याच्या आधी म्हणत होते. नातू पाहुण्यांना, म्हणजे मला, पुढे काय होणार ते सांगत होता आणि त्याबद्दल आईचा ओरडा खात होता. एकदा जेम्स न अडखळता वाघापलीकडे जातो आणि स्वतःच चकित होतो, तेव्हा तर आजींना ठसका लागला. मला आमचा दिवाणखाना दिसायला लागला. ‘अशी ही बनवाबनवी’ आमच्याकडे 1988 पासून अगदी अशीच बघतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ‘बनवाबनवी’ची गोष्ट सांगितली. पुण्यात चौघांना भाड्याने जागा हवी असते, घरमालकीण जोडप्यांनाच देणार म्हणते, म्हणून दोघं साडी नेसतात. आता कुटुंबपद्धती, ब्रह्मचारी भाडेकरूंबद्दलचा संशय वगैरे समजावून सांगावं लागणार अशी माझी तयारी होती. कसलं काय! जावईबापू टाळी देत म्हणाले, ‘म्हणजे म्युनिकच की!’ इथे घर भाड्याने हवं असेल तर पगाराच्या पावत्या, आधीच्या मालकाचं पत्र आणि कुणाचं काही देणं नसल्याचा दाखला घेऊन जिन्यात रांग लावायची असते. रांगेत पुढे साठ-सत्तर जण असतात. साडी नेसून काम होत असेल तर अर्धं शहर उद्या निऱ्या घालायला शिकेल. आजींनी एवढंच विचारलं, ‘घरात लिफ्ट होती का?’

राहता राहिली पुस्तकं. विमानाच्या तेवीस किलोंत भाजणी, गोडा मसाला आणि पुस्तकं यांचं भांडण दरवर्षी होतं आणि पुस्तकं हरतात. त्यातूनही तग धरलेल्या मोजक्या पुस्तकांत दुर्गाबाईंचं ‘ऋतुचक्र’ आहे. चैत्राची पानं मी दर चैत्रात वाचते. बाहेर चेस्टनटला जेमतेम कोंब फुटलेले असतात आणि एखाद्या वर्षी बर्फही भुरभुरतं. पुस्तकाचं म्हणणं मी ऐकून घेते, खिडकीबाहेर बघत नाही.

आमच्या कोपऱ्यावर रस्त्यात पुस्तकांचं एक कपाट आहे. काचेची दारं, कुलूप नाही. कुणीही पुस्तक ठेवावं, कुणीही न्यावं. ‘व्यक्ती आणि वल्ली’च्या माझ्याकडे दोन प्रती झाल्या होत्या, त्यातली एक मी तिथे ठेवली. स्वयंपाकाची पुस्तकं आणि जाडजूड खुनाच्या कादंबऱ्या यांच्यामध्ये पु.ल. काही दिवस उभे होते. मग एका सकाळी ती फट रिकामी दिसली.

ज्याने किंवा जिने ते नेलं असेल, त्यांना विनंती. पुस्तक परत नको. समोरच्या इमारतीत मराठी आडनावाची पाटी एकच आहे, तिची बेल वाजवा. चहा मिळेल. नारायण थोर की हरितात्या, यावर वाद घालू. माझं मत आधीच सांगून ठेवते, अंतू बर्वा.