जांभळ्या ओघळाचा हिशेब

गाडीच्या रंगात रुतलेलं लोखंड काढणाऱ्या द्रवाची बाटली दुकानात हातात घ्यावी आणि मागचा मजकूर वाचावा. एमआरपी असते. माल किती मिलिलिटर आहे ते असतं. कोणत्या महिन्यात बनला तेही असतं. 2022 पासून वेष्टनबंद मालावर एककाचा भाव छापावा लागतो, म्हणून एका मिलिलिटरला किती रुपये पडले हेही आता कळतं. त्या एका मिलिलिटरमध्ये लोखंडावर काम करणारं रसायन किती आणि पाणी किती, एवढंच कळत नाही. ज्याच्यासाठी पैसे मोजायचे त्याचं प्रमाण सोडून बाकी सगळं छापलेलं असतं. ही तक्रार क्षुल्लक आहे असं मला अनेकांनी सांगितलं. मला ती तशी वाटत नाही.

ज्यांनी हे द्रव कधी वापरलं नाही त्यांना ती हौशी लोकांची चैन वाटते. पण गरज खरी आहे. ब्रेक दाबला की पॅड डिस्कवर घासतो. डिस्क बिडाची असते, आणि बऱ्याच पॅडमध्ये पोलादाचे बारीक तंतू असतात. घासताना दोन्हींचा चुरा उडतो आणि तो गरमागरम उडतो. चाकावर बसतो, चाकामागच्या पत्र्यावर बसतो, मागून येणाऱ्याच्या बंपरवर आणि बोनेटवरही बसतो. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना पुढचा प्रत्येक जण ब्रेक दाबत असतो आणि आपण त्याच्या मागे असतो. रेल्वेच्या रुळांलगत गाडी उभी राहत असेल तर चाकांचा, रुळांचा आणि ब्रेकचा चुरा वेगळाच. मग पावसाळा येतो. कण गंजतात. गंजलेलं लोखंड मूळच्या लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे कण रंगावरच्या पारदर्शक थरात आणखी घट्ट होतो. आपल्याकडे सर्वांत जास्त गाड्या पांढऱ्या, आणि पांढऱ्यावर हे नारिंगी टिपके सुईने टोचल्यासारखे उठून दिसतात. शाम्पूने जात नाहीत. नखाने खरवडले तर रंगाला चरा जातो.

टिपके दिसत नसतील तरी लोखंड असू शकतं. ते ओळखायची युक्ती फुकट आहे. गाडी स्वच्छ धुवायची, हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि बोटं बोनेटवरून हलकेच फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. इतकी सोपी आणि बिनपैशाची तपासणी असताना एकही बाटली किंवा डिटेलिंगचं, म्हणजे गाडीच्या सखोल सफाईचं, माहितीपत्रक ती सांगताना मी पाहिलेलं नाही. रुतलेलं काही असलं तरच खर्च करा, असं ग्राहकाला कळावं ही साधी अपेक्षा आहे.

द्रव काम करतं, हे आधीच स्पष्ट सांगतो. ते भोंदू असतं तर तक्रार लिहिण्याची तसदी घेतली नसती, लोकांना घेऊ नका म्हणून सांगितलं असतं. त्यातलं मुख्य रसायन बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट किंवा सोडियम थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाला पकडतं, पाण्यात विरघळेल अशा संयुगात बदलतं, आणि त्या संयुगाचा रंग जांभळट लाल असतो. ही अभिक्रिया नवी नाही, रसायनशास्त्राला ती एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे आणि लोखंड ओळखण्यासाठी ती वापरली गेली आहे. याच कुळातली रसायनं पार्लरमध्ये केस कुरळे किंवा सरळ करायला आणि केस काढायच्या क्रीममध्ये वापरतात. म्हणूनच गाडीवर फवारलं की पार्लरचा आणि कुजक्या अंड्याचा वास एकत्र येतो. हा वास गंधकयुक्त रसायनाचा आहे आणि मी तो सहन करायला तयार आहे. त्यात चेरीचा सुवास मिसळतात ते मात्र सहन होत नाही. अंड्याचा वास त्याने जात नाही, फक्त गोड होतो, आणि सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. सुवासावर झालेला खर्च कंपनीने रसायनावर करावा.

आता त्या जांभळ्या रंगाबद्दल. डिटेलिंगच्या दुकानात कारागीर फवारा मारतो, दोन मिनिटांत दरवाजावरून जांभळे ओघळ वाहू लागतात, मोबाइलवर फोटो निघतो आणि तो फोटो मालकाला दाखवला जातो. बघा साहेब, किती घाण होती. त्या एका फोटोवर पुढचं सगळं बिल उभं राहतं. पण रंग अगदी थोड्या लोखंडानेही येतो. उभ्या दरवाजावर खिडकीखाली एकच कण असला तरी त्याचा ओघळ खालच्या कडेपर्यंत जातो, आणि वाटेतला सगळा पत्रा स्वच्छ असूनही जांभळा दिसतो. ओघळाच्या लांबीवरून लोखंडाचं वजन कळत नाही. उलट काळ्या गाडीवर हाच रंग नीट दिसत नाही, म्हणून तिच्यात लोखंड कमी आहे असंही नाही. लोखंड आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या खुणेवरून किती आहे आणि किती पैसे लागतील हे ठरवणं चूक आहे, आणि ही चूक रोज, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत, फोटो काढून केली जाते. मला याचा राग येतो, कारण चांगल्या रसायनाची पत अशाने जाते. एकदा फसवलं गेल्याची भावना झाली की माणूस खरी गरज असतानाही ते द्रव घेत नाही.

मागच्या चाकांचा प्रश्न तर मला कुणी समजावूनच देत नाही. आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. ड्रममध्ये लाइनर आतल्या बाजूने घासतात आणि चुरा बराचसा आतच राहतो. शिवाय गाडी थांबवताना भार पुढे येतो, जास्त काम पुढचे ब्रेक करतात. म्हणजे लोखंडी धूळ पुढच्या दोन चाकांवर जास्त आणि मागच्या दोन्हींवर अगदी कमी. फवारून पाहिलं की हे डोळ्यांना दिसतंच, पुढचं चाक जांभळं होतं आणि मागचं जवळपास होतं तसंच राहतं. तरीही दर चार चाकांचा, आणि द्रवही चारही चाकांवर सारखंच ओततात. मागच्या चाकांवर आधी थोडंसं मारून बघा, रंग आला नाही तर थांबा, ही विनंती मी दुकानात करतो तेव्हा कारागिराला ती पटते. दरपत्रकाला पटत नाही.

किंमत किती पडते हे एका उदाहरणाने पाहू. समजा, 500 मिलिलिटरची बाटली 600 रुपयांना आहे. फवाऱ्याच्या एका दाबाला साधारण एक मिलिलिटर द्रव बाहेर येतं. पुढच्या एका चाकाला पंचवीस मिलिलिटर पुरतं. दोन चाकं आणि चाकांमागचे खालचे पत्रे धरले तर शंभरच्या आत भागतं, म्हणजे फार तर 120 रुपये. अख्ख्या छोट्या गाडीवर फवारलं तर दोनशे मिलिलिटर, म्हणजे 240 रुपये. मोठ्या एसयूव्हीला तीनशेच्या पुढे जातं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, आणि जास्तच घाटप्रवास असेल तर दोनदा, हा खर्च मला वावगा वाटत नाही. पण हा सगळा हिशेब द्रव पुरेसं तीव्र आहे असं धरून आहे. बाटली निम्म्या तीव्रतेची निघाली तर दोन हात मारावे लागतात आणि 120 चे 240 होतात. बाटलीवरचा मिलिलिटरचा भाव तेव्हा निव्वळ दिशाभूल करतो, कारण स्वस्त दिसणारी बाटली गाडीवर महाग पडते. दुधाच्या पिशवीवर फॅट आणि एसएनएफ किती हे छापलेलं असतं आणि त्यावरून गृहिणी गाईचं की म्हशीचं, कुठलं घ्यायचं ते ठरवते. तिला मिळणारी माहिती गाडीवाल्याला का मिळू नये?

वेळेचाही प्रश्न आहे. थायोग्लायकोलेट हवेच्या संपर्कात हळूहळू ऑक्सिडाइज होऊन निकामी होतं. बाटली एकदा उघडली की उरलेलं द्रव पुढच्या वर्षापर्यंत तितकंच जोरकस राहील याची खात्री नाही. तरी मला हवी तशी शंभर मिलिलिटरची छोटी बाटली दुकानात मिळत नाही, आणि मोठ्या बाटलीवर उघडल्यानंतर किती दिवसांत संपवावी हे लिहिलेलं नसतं. त्यातच फवाऱ्याची नळी तळापर्यंत पोहोचत नाही. शेवटचं बोटभर द्रव बाटली तिरकी केली तरी वर येत नाही. झाकण उघडून ते चाकावर ओतावं लागतं आणि ओतलेलं द्रव पसरत नाही, थेट जमिनीवर जातं. एक सेंटिमीटर जास्त लांब नळीचा खर्च किती येत असेल?

वापराच्या सूचना मी मनापासून पाळतो, पण त्या कुठल्या देशात राहून लिहिल्या असा प्रश्न पडतो. पत्रा थंड हवा. सावली हवी. द्रव वाळू देऊ नका. त्यानंतर भरपूर दाबाच्या पाण्याने धुवा. मे महिन्यात नागपूरला किंवा सोलापूरला बोनेट थंड मिळण्यासाठी पहाटे उठावं लागतं. भरपूर पाण्याचं म्हणाल तर टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत पाइप लावायची बंदी असते, बादली आणि मग एवढंच हातात असतं. चाकांच्या खोबणीत साचलेलं द्रव मगाने निघत नाही. तिथेच वाळलं तर डाग पडू शकतात. दोन बादल्यांत काम कसं करायचं, एकेक भाग कसा घ्यायचा, हे बाटलीवर लिहायला जागा नाही, कारण ती जागा चकचकीत चाकाच्या चित्राने घेतली आहे.

या द्रवाकडून लोक भलत्या अपेक्षा ठेवतात, त्यालाही विक्रेतेच जबाबदार आहेत. ते फक्त लोखंडावर चालतं. डांबराचे ठिपके, झाडाचा चीक, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, शेजारच्या बांधकामावरून उडालेलं सिमेंट, यांपैकी कशालाही ते हात लावत नाही. कोकणातून आलेल्या गाडीवर लाल मातीचा थर असताना थेट फवारलं तर द्रव मातीतच जिरतं आणि खालच्या पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. आधी धुवायलाच हवं. आणि जिथे लोखंड विरघळवायचंय तिथे नुसती क्ले, म्हणजे पत्र्यावर घासायची मऊ मातीसारखी वडी, फिरवली, तर ती कणाचं वर आलेलं टोक कापते आणि रुतलेला भाग तसाच राहतो. शिवाय क्लेने बारीक चरे येतात. ते घालवायला पॉलिश लागतं, पॉलिशनंतर कोटिंग सुचवलं जातं, आणि गिऱ्हाईक आलं होतं चार नारिंगी टिपके दाखवायला. द्रव आधी आणि क्ले नंतर, तीही पिशवीतून हाताला खरखर लागेल तिथेच, हा क्रम पाळला तर बहुतेकांचं पॉलिशपर्यंत जाणंच टळेल.

यात सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट पैशांची नाही. अमोनियम थायोग्लायकोलेटने त्वचेला ॲलर्जी जडू शकते. पार्लरमध्ये ते हाताळताना हातमोजे घालतात. गाड्या धुणारी अठरा-वीस वर्षांची मुलं दिवसभर उघड्या हातांनी, उघड्या पायांनी त्या जांभळ्या पाण्यात उभी असतात. बाटलीवर पीएच न्यूट्रल असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, म्हणून मालकालाही ते निरुपद्रवी वाटतं. पीएच न्यूट्रल म्हणजे त्वचेला सुरक्षित असा अर्थ होत नाही. हातमोजे घाला ही सूचना असलीच तर मागच्या कोपऱ्यात, भिंगाने वाचावी इतक्या बारीक टायपात. मोज्यांची जोडी एका चाकाच्या द्रवापेक्षा स्वस्त येते. ज्या दुकानात मुलांच्या हातात मोजे नाहीत तिथे मी गाडी देत नाही, आणि का देत नाही हे मालकाला तोंडावर सांगतो.

युरोपात आता ब्रेकच्या धुळीवरच मर्यादा येते आहे. युरो 7 नियमांत 2026 च्या नोव्हेंबरपासून येणाऱ्या नव्या मॉडेलना ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी किलोमीटरला 7 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि निव्वळ विजेवर चालणाऱ्यांना 3 मिलिग्रॅमची, कारण त्या बराच वेग मोटरच्या साहाय्यानेच कमी करतात आणि पॅड कमी झिजवतात. चाकातून उडणारा चुरा मिलिग्रॅममध्ये मोजता येतो आणि तो काढणाऱ्या द्रवातलं रसायन टक्क्यात सांगता येत नाही, हे मला मान्य नाही.

मी एका कंपनीला विचारलं होतं. फॉर्म्युला गोपनीय आहे, असं उत्तर आलं. मी फॉर्म्युला मागितलाच नव्हता. चेरीचा वास कुठून आणता, घट्टपणा कशाने येतो, फेस किती, हे त्यांचं गुपित त्यांनी खुशाल ठेवावं. मला एका घटकाचं नाव आणि त्याची टक्केवारी हवी आहे. केस काढायच्या स्वस्तातल्या ट्यूबवरही घटकांची नावं छापलेली असतात. धोकादायक घटकाचं प्रमाण, निदान इतक्या ते इतक्या टक्क्यांपर्यंत असं, युरोपात विकणाऱ्यांना सुरक्षा माहितीपत्रकात द्यावं लागतं आणि ते देऊनही त्यांचे धंदे चालू आहेत. म्हणून हल्ली मी दुकानात पहिल्यांदा ते माहितीपत्रक मागतो. दुकानदार वितरकाला फोन लावतो. पत्रक आलं तर टक्केवारीला मिलिलिटरच्या भावाने भागून बघतो आणि बाटली घेतो. नाही आलं तर, कितीही सवलत असो, बाटली पुन्हा फळीवर ठेवतो आणि ती का ठेवली ते दुकानदाराच्या वहीत लिहून वितरकाला कळवायला सांगतो.