श्टुटगार्टचा शिरस्ता

युरोपचा प्रवास करून आलेला मराठी गृहस्थ जे लिहितो त्यात किल्ले, राजवाडे, संग्रहालये आणि बर्फ यांचे साग्रसंगीत वर्णन असावयाचेच, असा आपल्या वाङ्मयातील एक अलिखित दंडक आहे; परंतु ज्याची उभी हयात तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर गेली आणि सातबाराच्या उताऱ्याहून अधिक रसाळ वाङ्मय ज्याच्या नजरेखालून क्वचितच गेले, त्याने राजवाड्यांविषयी अभिप्राय द्यावा ही अपेक्षाच मुळी गैरवाजवी होय. हेगेल नावाचा जगद्विख्यात तत्त्ववेत्ता 1770 साली श्टुटगार्ट येथे जन्मला, त्याचे जन्मघर तेथे जतन केलेले आहे, आणि ते मला दाखविण्यात आले, एवढी नोंद घेऊन मी ते प्रकरण दप्तरदाखल करतो. माझी नजर तेथे निराळ्याच गोष्टीवर खिळली. ज्या आदर्श दफ्तराची स्वप्ने पाहत मी सेवानिवृत्त झालो, ते दफ्तर या लोकांनी आपापल्या डोक्यात बांधून ठेवले आहे, आणि तेथील प्रत्येक नागरिक हा त्याचा बिनपगारी शिरस्तेदार आहे.

निमित्त माझ्या भाच्याचे. तो गणिताचा शिक्षक. पुण्याची नोकरी सोडून श्टुटगार्टजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत रुजू झाला, पहिले सत्र शाळेने दिलेल्या खोलीत काढले, आणि डिसेंबरात शहरात भाड्याचे घर घेतले. नाताळाच्या सुटीत बिऱ्हाड थाटावयाचे तर हाताशी कोणी वडीलधारे असावे म्हणून त्याने मला बोलावले. निदान त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, मला तसे सांगितले. प्रत्यक्षात विमानतळावर मला पाहून भाच्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो बोलावणाऱ्याचा नव्हता.

"मामा, घर जरा रिकामे आहे बरं का," तो जिना चढताना म्हणाला. दार उघडल्यावर पाहतो तो स्वयंपाकघरात ओटा नाही, शेगडी नाही, बेसिन नाही, फडताळ नाही. भिंतीतून नळाची दोन तोंडे तेवढी बाहेर आलेली, आणि प्रत्येक खोलीच्या छतातून तीन तीन तारा, दिवा नसल्याच्या जाहीर प्रकटनासारख्या, खाली लोंबत असलेल्या. आधीच्या भाडेकरूवर फिर्याद गुदरावी असे मी सुचविले. तेव्हा भाच्याने खुलासा केला की त्या सद्गृहस्थाने स्वयंपाकघर स्वतःच्या पैशांनी बसविले होते, सबब ते उचकटून सोबत नेले, आणि यात कोणासही वावगे वाटत नाही. घरमालकाने तीन महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत घेतली, कायद्याने त्याला तेवढीच घेता येते, आणि त्या बदल्यात चार भिंती, छप्पर व ऊब यांची हमी दिली. स्थावर कोणते आणि जंगम कोणते या एका मुद्द्यावर विहिरीच्या रहाटापासून वाड्याच्या दरवाजापर्यंत मी कितीतरी तंटे पाहिले होते. परंतु अख्खे स्वयंपाकघर जंगम मालमत्तेत मोडते आणि पाहुण्यासारखे येते-जाते, हा निवाडा मला सर्वस्वी अपूर्व होता.

नवे स्वयंपाकघर मागविलेले होते व ते फेब्रुवारीत येणार होते. तोवर आमचा संसार विजेच्या एकाच शेगडीवर आणि न्हाणीघरातील नळावर चालणार होता. दिवे मात्र भाच्याने आणून ठेवले होते. प्रश्न होता तो छताला भोके पाडण्याचा. रात्री दहानंतर ड्रिल चालवावयाचे नाही, रविवारी चालवावयाचे नाही, सणाच्या दिवशी तर नाहीच. आणि यांचा नाताळ 25 व 26 असे दोन दिवस सरकारी सुटीचा, त्या वर्षी त्यालाच रविवार लागून आलेला. रविवारच्या विश्रांतीला तेथे राज्यघटनेचे संरक्षण आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या घटनेतले ते कलम 1949 च्या मूलभूत कायद्याने जसेच्या तसे उचलून आपल्यात सामावून घेतले, आणि त्यामुळे आमच्या बैठकीच्या खोलीतील दिव्याचा खिळा हा थेट घटनात्मक पेच होऊन बसला. सारे शहर दिव्यांनी लखलखत असताना आम्ही मामा-भाचे एका टेबलदिव्याची तार या खोलीतून त्या खोलीत ओढत हिंडत होतो.

थंडीचा उल्लेख मी टाळणार होतो, परंतु खिडक्यांमुळे तो करणे भाग आहे. भिंतींना बुरशी येऊ नये म्हणून भाडेकरूने दिवसातून दोनतीनदा सर्व खिडक्या सताड उघडून घरातील हवा पालटावी, अशी या देशाची श्रद्धा असून ती पुष्कळदा करारनाम्यातही उतरते. बाहेर पारा शून्याखाली, आत ऊब देणारी यंत्रे बंद केलेली, खिडक्या उघड्या, आणि कानटोपी, मफलर, दोन स्वेटर व त्यावर शाल अशा पोशाखात मी करारनाम्यातील कलमाची अंमलबजावणी पाहत बसलेला! भाचा घड्याळ लावून बरोबर आठ मिनिटे मोजी. गणिताचे शिक्षण वाया गेले नाही म्हणावयाचे.

याच घरात आमची शिरस्तेदारीणबाईंशी गाठ पडली. त्यांचे खरे नाव येथे देण्याचे कारण नाही. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या या बाईंना पाहताच माझ्या मनाने त्यांना तो हुद्दा बहाल केला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या मुठीला एक लहानशी पाटी टांगलेली आढळली. मला वाटले जप्तीची नोटीस. भाच्याचा चेहरा पडला. "मामा, आपली केरवोखे आली."

केरवोखे ही श्वाबेन प्रांताची खास संस्था. ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना व पायऱ्या झाडून पुसून काढावयाच्या. ही झाली धाकटी केरवोखे. थोरलीत अंगण, घरापुढची पायवाट आणि हिवाळ्यात तिच्यावरचे बर्फ येते, आणि बर्फ कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत दूर व्हावयास हवे. आठवडा सरला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला. या वहिवाटीचे मूळ लोक 1492 सालापर्यंत मागे नेतात. म्हणजे कोलंबस जहाजे घेऊन पश्चिमेस निघाला त्या साली येथील काउंट एबरहार्ड आपल्या रयतेला दर आठवड्यास घाण शहराबाहेर नेण्याची ताकीद देत होता. त्याच एबरहार्डाने 1477 साली ट्युबिंगेनचे विद्यापीठ स्थापिले, परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव येते ते केराच्या संदर्भात. पुढे 1988 साली, फील्ड मार्शल रोमेल यांचे चिरंजीव मान्फ्रेड रोमेल महापौर असताना, श्टुटगार्ट नगरपालिकेने झाडलोटीची ही सक्ती रद्द केली. परिणाम? पाटी आमच्या दारावर होती. भाडेकरारांत कलम राहिले, शिरस्तेदारीणबाई राहिल्या, आणि काम बिनबोभाट चालू राहिले. आमच्याकडे कायदा धडधाकट असताना अंमल अंथरूण धरतो. येथे कायद्याचे तेरावे होऊन गेले तरी अंमल रोज पहाटे उठून जिना पुसतो.

मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासून भगिनी-नगरे आहेत, ही माहिती मी भाच्याच्या दुभाषीपणाने शिरस्तेदारीणबाईंना दिली. हेतू असा की नातेसंबंध ध्यानी घेऊन जिन्याच्या तपासणीत थोडी सूट मिळावी. बाईंनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, "मग मुंबईत जिने कोण झाडते?" सदर बाब विचाराधीन आहे, असे उत्तर मी दिले. छत्तीस वर्षांच्या नोकरीने दिलेले हे वाक्य जर्मन भाषेतही तितकेच पोकळ वाजते, हे त्या दिवशी कळले.

कचऱ्याविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र खंड लागेल. कागद निराळा, ओला कचरा निराळा, वेष्टने पिवळ्या पिशवीत, उरलेसुरले चौथ्या डब्यात. काचेची तर पांढरी, तपकिरी, हिरवी अशी वर्णव्यवस्थाच आहे, आणि निळी बाटली कोणत्या वर्णात मोडते हा प्रश्न पडला असता ती हिरव्यांत घालावी असे शास्त्रवचन आहे. त्यातही रविवारी व सणावारी काच टाकावयाची नाही, कारण ती खळ्ळकन् फुटते आणि राज्यघटनेची झोपमोड होते. काही बाटल्या तर टाकावयाच्याच नसतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत, बियरच्या काचेच्या बाटलीवर बहुधा 8 सेंट. दुकानातील यंत्राच्या तोंडात ती घातली की यंत्र तिला फिरवून निरखते, मान्य असल्यास गिळते, नसल्यास परत ढकलते, आणि शेवटी रकमेची चिठ्ठी देते. मी त्या यंत्रापाशी बराच वेळ उभा होतो. इतका निःपक्षपाती तपासणी कारकून माझ्या खात्यात कधी आला नाही. नाताळच्या बाजारातही तीच रीत: मसाल्याच्या गरम द्राक्षासवाबरोबर, म्हणजे माझ्या बाबतीत गरम सफरचंदाच्या रसाबरोबर, पेल्याची अनामत आधी मोजून घेतात. या बाजाराचा लेखी उल्लेख 1692 सालचा सापडतो. पेल्याची अनामत तेव्हापासून आहे किंवा कसे याची चौकशी करण्यास भाचा तयार होईना.

24 तारखेस दुपारी दोनला दुकाने बंद होतात. त्या सकाळी दुकानात जी झुंबड उडाली होती ती पाहता शहरास वेढा पडणार असल्याची पक्की खबर आली असावी असे वाटले. दोनाच्या ठोक्याला रस्ते ओस. संध्याकाळी या प्रांतातील पुष्कळ घरांत बटाट्याची कोशिंबीर आणि उकडलेले सॉसेज एवढेच जेवण असते, आणि वर्षातील सर्वांत मोठ्या सणाला इतका साधा बेत करणाऱ्या लोकांविषयी माझा आदर दुणावला. दारावर टकटक झाली. शिरस्तेदारीणबाई हातात झाकलेले भांडे घेऊन उभ्या. मी शाकाहारी असल्याची नोंद त्यांनी घेतलेली होती. त्यामुळे मसुराची आमटी आणि श्पेत्स्ले नावाच्या जाडसर शेवया, सॉसेज वगळून, आणि सोबत सर्व जिन्नसांची यादी सुवाच्य अक्षरात, खाली सही. अंडे आहे, असा शेवटी अधोरेखित शेरा. अंड्याबाबत मी त्या रात्रीपुरते धोरण शिथिल केले. भांडे रिकामे परत करू नये हा आपला रिवाज. बहिणीने दिलेले शंकरपाळे मी त्यात भरून दिले. ते किती दिवस टिकतात आणि त्यांची पिशवी कोणत्या डब्यात जाते, एवढे दोनच प्रश्न बाईंनी विचारले.

नाताळ व नववर्ष यांच्या मधल्या दिवसांत भाच्याची पत्तानोंदणी होती. नव्या घरात आल्यापासून 14 दिवसांच्या आत हजर होऊन नोंद करावी, सोबत घरमालकाचा दाखला जोडावा, असा तेथील कायदा. मी आदल्या रात्रीच कागद लावून, टाचून, फेरिस्त तयार केली. कचेरीत पट्टेवाला नव्हता, चहावाला नव्हता, साहेब दौऱ्यावर नव्हते. भिंतीवर क्रमांक उजळला, आम्ही आत गेलो, बाईंनी दाखला पाहिला, धर्म कोणता ते विचारले, आणि शिक्का मारून आम्हाला वाटेला लावले. माझी फेरिस्त उघडलीच गेली नाही. धर्माची चौकशी आगंतुक वाटेल, पण ती वसुलीची बाब आहे: जो चर्चचा सभासद, त्याच्या आयकरावर या प्रांतात आणखी 8 टक्के चर्चसाठी सरकारच वसूल करून देते. सरदेशमुखी दहा टक्के होती, तीही मूळ महसुलावर. त्या मानाने दर सौम्य आहे, असे मी म्हणालो. कारकूनबाईंपर्यंत ते पोचविण्यास भाच्याने नकार दिला.

हे सारे वाचून जर्मन माणसाचे घड्याळ कधी चुकतच नाही असा ग्रह कोणी करून घेईल, म्हणून मुख्य रेल्वेस्थानकाचा दाखला देणे अगत्याचे आहे. ते जमिनीखाली नेण्याचे काम 2010 साली सुरू झाले, 2019 मध्ये पुरे व्हावयाचे होते, आणि मी पाहिले तेव्हाही ते चालूच होते. खर्चाचा अंदाज साडेचार अब्ज युरोंवरून 11 अब्जांच्या पलीकडे गेला होता. फळ्यांच्या कुंपणामधून लांबच लांब वळसा घालीत फलाटाकडे जाताना या परमुलखात मला प्रथमच घरच्यासारखे वाटले.

31 तारखेस शिरस्तेदारीणबाईंनी आम्हाला दूरचित्रवाणी पाहण्यास बोलावले. 1963 साली जर्मन दूरचित्रवाणीने मुद्रित केलेले 'डिनर फॉर वन' नावाचे एक छोटेसे इंग्रजी प्रहसन त्या रात्री सारा देश दरवर्षी पाहतो: नव्वदीची एक बाई, केव्हाच कैलासवासी झालेले तिचे चार पाहुणे, आणि त्या चौघांच्याही वाटची मद्ये स्वतःच रिचवीत वाढणारा म्हातारा नोकर, जो वाघाच्या कातड्याच्या डोक्याला पुनःपुन्हा अडखळतो. बाई प्रत्येक विनोदाच्या क्षणभर आधी हसत. विनोदानेही वेळ पाळावी असा त्यांचा आग्रह दिसला. मग बारा वाजले, आणि ज्या शहरात रविवारी खिळा ठोकता येत नाही त्या शहराने एकदम सर्व दिशांनी तोफखाना सुरू केला. फटाके वर्षाच्या शेवटच्या तीन कामकाजी दिवसांतच विकत मिळतात, तेव्हा वर्षभराचा तुंबलेला आवाज एका तासात निकाली निघणे ओघानेच आले. शिरस्तेदारीणबाईंनी स्वतः गच्चीतून दोन बाण सोडले. दोन्ही सरळ गेले.

सकाळी पायवाटेवर कागदाच्या चिंध्या आणि जळक्या काड्यांचा खच. भाचा मागील सत्राच्या उत्तरपत्रिकांत बुडालेला. बाई वर आल्या. हातात नव्या वर्षाचा तक्ता, पट्टीने आखलेला, आठवड्यांच्या रकान्यांसह. त्यांनी माझ्या परतीची तारीख विचारली आणि भाच्याकरवी मला समजावून दिले की परदेशी पाहुण्यास तीन महिन्यांपर्यंत पत्तानोंदणी माफ आहे, थोरली केरवोखे मात्र माफ नाही. तक्त्यातील पहिल्या आठवड्यापुढे माझे नाव आधीच लिहिलेले होते, शुद्धलेखनाच्या चुकीशिवाय. मी चष्मा चढविला, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली, तारीख घातली, खाली 'रुजू' असा शेरा मारला, आणि झाडू हाती घेण्यापूर्वी तक्त्याची एक नक्कल मागून घेतली.