डॉक्टरची गाडी

रविवारी सकाळी साडेसहाला आमच्या सोसायटीत तीन आवाज येतात. पहिला दुधाच्या क्रेटचा, दुसरा दुसऱ्या मजल्यावरच्या प्राणायामाचा आणि तिसरा पार्किंगमधून, खर्रर्र... खर्रर्र... असा. नव्या भाडेकरूंना वाटतं, कुणीतरी करपलेली कढई घासतंय. जुन्या लोकांना माहीत असतं की नाना चाकाला बसले.

पूर्वी बायका जात्याला बसायच्या, तसे नाना चाकाला बसतात. बुडाखाली पाट, हातात तारेचा ब्रश, शेजारी डब्यात टर्पेंटाइन आणि बनियनच्या गळ्यात खोचलेला ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. बसताना एक 'आई गं' म्हणतात, उठताना दोन. मधल्या दोन तासांत त्यांना गुडघे नसतात.

मोटारीची हौस असलेल्या माणसांच्या दोन जाती आहेत. एक बोनेटच्या आत डोकावते, दुसरी बोनेटवर. नाना दुसऱ्या जातीतले. इंजिनाबद्दल त्यांचं धोरण परमेश्वराबद्दल असतं तसं आहे : तो आत आहे, तोच चालवतो, आपण फार खोलात शिरू नये. पण बाहेरच्या पत्र्यावर राईएवढा टवका दिसला, की त्यांना दुपारची झोप लागत नाही. असा माणूस नाशिकला असतो, कोल्हापुरात असतो, डोंबिवलीत तर मजल्यागणिक असतो. एखाद्या सोसायटीला लिफ्ट नसेल, पण नाना असतातच.

त्यांची डिकी उघडून बघावी. सात फडकी, घडी करून, वेगवेगळ्या पिशव्यांत. बॉडीचं फडकं चाकाला लागता कामा नये, चाकाचं काचेला लागता कामा नये, आणि कुठलंही फडकं जमिनीवर पडलं तर ते बाद. कारण त्याला चिकटलेला वाळूचा एक कण रंगावर रेघ ओढतो. बादल्याही दोन, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. काकू म्हणतात, "आमच्या घरातलं सोवळं सासूबाईंबरोबर गेलं असं मला वाटत होतं. ते डिकीत राहायला गेलंय."

गाडी म्हणजे २००५ची झेन, चंदेरी रंगाची. घेतली तेव्हा विकणाऱ्यानं सांगितलं होतं, "सिंगल ओनर आहे नाना. डॉक्टरची गाडी." पुण्यात विकायला निघालेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते. एवढे डॉक्टर खरोखर असते, तर साध्या सर्दीला दवाखान्यात दीड तास नंबर लावावा लागला नसता. नानांनी नीट कागद बघितले तेव्हा कळलं, की आपण तिसरे मालक. दुसरा मालक मात्र खरंच डॉक्टर होता, गुरांचा. म्हणजे गाडी दवाखाना ते बंगला अशी न फिरता, ऐन पावसाळ्यात गोठा ते गोठा अशी फिरलेली.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. नानांचे डोळे चमकले. करायला काम निघालं होतं. शिवाय, "ही साधी गाडी नाही. १९९३ला आली, २००६ला बंद झाली. मधे आपल्याकडून युरोपात जायची, तिकडे आल्टो नावानं विकायचे," हे ते अशा सुरात सांगतात, की गाडीचे चुलतभाऊ परदेशी स्थायिक झाले आहेत असं वाटावं.

सुरुवात चाकांपासून झाली. "माणूस चपला काढल्यावर कळतो," असं म्हणून नानांनी व्हीलकॅप काढल्या. कॅप चार हव्या होत्या, निघाल्या तीन. एक मूळची, एक भलत्याच कंपनीची आणि एक केबल टायनं जखडलेली. आतली रिम गंजून तांबूस झालेली, आणि तिच्या कडेला जे वाळून बसलं होतं ते निव्वळ चिखल नव्हतं. नानांनी ते ब्रशनं खरवडलं, हुंगलं आणि म्हणाले, "डॉक्टर प्रामाणिक होता. रोज व्हिजिटला जायचा."

याच काळात त्यांना टायर वाचायची विद्या अवगत झाली. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. पार्किंगमध्ये हिंडत नाना प्रत्येक गाडीची पत्रिका बघू लागले. एकदा माझ्या गाडीपाशी वाकले आणि आनंदानं ओरडले, "४२१७! म्हणजे २०१७चा बेचाळिसावा आठवडा. अहो, दिवाळीतला टायर तुमचा! लक्ष्मीपूजनाचा आठवडा!"

"मग चांगलं ना?" मी म्हणालो.

"चांगलं कसलं? रबर म्हातारं झालं. बदला."

रिमवर पहिला प्रयोग घरीच झाला. चंदेरी स्प्रेचा डबा आणला, टायरला रद्दीचे कागद चिकटवले आणि नानांनी फवारणी केली. रिम रंगली. रिमबरोबर व्हॉल्व्ह रंगला, नट बसायच्या जागा रंगल्या आणि पार्किंगच्या फरशीवर चार गोल उमटले. मुलं त्यांत अजून लगोरी मांडतात. पुढच्या रविवारी सासवडहून परतताना चाकातून टकटक ऐकू येऊ लागली. मिस्त्रीनं पाना लावला आणि मान हलवली. "नाना, नटाच्या बैठकीवर कशाला रंग मारला? रंग दबला, नट सैल झाला. लोखंडाला लोखंड भिडतं तिथं रंग चालत नाही."

हे वाक्य नानांना इतकं आवडलं, की नंतर भाचीच्या साखरपुड्यात नवरदेवाला त्यांनी तेवढंच ऐकवलं. तो बिचारा नुसता 'हो काका' म्हणाला.

मग रीतसर काम झालं. टायर उतरवले आणि रिमा भोसरीला नेल्या. तिथं आधी वाळूच्या माऱ्यानं गंज उडवतात. मग रंगाची कोरडी पूड विजेच्या भारानं लोखंडाला चिकटवतात आणि दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टीत ती वितळून अंगालगत बसते. मुलगा म्हणत होता, "बाबा, अलॉय टाका." नाना म्हणाले, "खड्ड्यात आपटली तर साधी रिम वाकते, ठोकून सरळ होते. अलॉय तडकते. या रस्त्यांवर वाकणारीच बरी." चारही रिमा काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळून रिक्षातून घरी आल्या. काकू दारात उभ्या होत्या. "मला लग्न करून आणलं ना," त्या मला म्हणाल्या, "तेव्हा टेंपोत मागे बसवून आणलं होतं."

चाकं अशी उजळली, की वरची गाडी एकदम म्हातारी दिसू लागली. नव्या कोल्हापुरी चपला आणि वर उसवलेला लेंगा, असा प्रकार. मग नाना रंगाकडे वळले.

आधी घरगुती उपाय झाले. ओरखड्यांना टूथपेस्ट लावली. सकाळी नातू दात घासायला गेला तर ट्यूब पिळून चपटी झालेली. दरवाजांवरच्या पांढुरक्या पडलेल्या काळ्या पट्ट्यांना बूटपॉलिश लावलं. पट्ट्या लखलखल्या. जूनच्या पहिल्या सरीला मात्र काजळ फिसकटल्यासारखे काळे ओघळ चारही दारांवरून उतरले आणि गाडी सासरी निघालेल्या मुलीसारखी दिसायला लागली.

मग अभ्यास सुरू झाला. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. सगळं मिळून जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉन, आणि त्यात लॅकर चाळीस-पन्नास. आपला डोक्यावरचा केस साधारण सत्तरचा. "म्हणजे केसापेक्षा बारीक थरावर चकाकी उभी आहे," नाना दबक्या आवाजात सांगायचे, "आणि लोक तिच्यावर कंपाउंड रगडतात! दर घासणीला थर पातळ होतो हो." बोनेट आणि टप यांच्यावर दिवसभराचं ऊन पडतं, म्हणून लॅकर आधी तिथं मरतो. नानांच्या बोनेटवर तो उन्हानं सोललेल्या पाठीसारखा पापुद्रे धरून निघत होता. आणि सोललेल्या लॅकरला पॉलिश चालत नाही. तो उतरवून नव्यानं रंगच मारावा लागतो.

पेंटरकडे जाण्यापूर्वी नानांनी स्वतः तपासणी केली. फ्रिजवरचं महाबळेश्वरचं स्ट्रॉबेरीचं चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवलं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर लांबी. मागच्या डाव्या मडगार्डवर स्ट्रॉबेरी टपकन खाली पडली. बोटभर लांबी भरलेली. नाना क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हशीनं मारलं असणार."

पेंटरनं आधी एका दरवाजाचं काम घेतलं. बोनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड असतो. तो नाना पेठेतल्या दुकानात सांगितला, की वजनकाट्यावर थेंब थेंब मोजून शेड बनवून मिळते. कोड बरोबर, वजन बरोबर. पण कोड २००५च्या रंगाचा आणि गाडी वीस वर्षं उन्हात उभी राहिलेली. त्यात चंदेरी. या रंगात धातूचे बारीक कण असतात आणि गन कुठल्या कोनातून, किती अंतरावरून मारली यावर ते आडवे बसतात की तिरपे हे ठरतं. ट्यूबलाइटखाली दरवाजा हुबेहूब जुळला. पेंटर म्हणाला, "एकदम कंपनी शेड." उन्हात काढल्यावर दरवाजा वेगळ्या गाडीचा आणि गाडी वेगळ्या दरवाजाची दिसायला लागली.

त्या आठवड्यात सोसायटीतल्या प्रत्येकाची साक्ष झाली. "इकडून बघा. आता जरा वाका. आता जिन्यावरून बघा." मी म्हणालो, सारखाच दिसतो. तर नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

पेंटरनं उपाय सांगितला. शेड शेजारच्या पत्र्यावर हलकी करत न्यायची, म्हणजे सांधा कळत नाही. मग पुढच्या दरवाजासाठी मागचा, मागच्यासाठी मडगार्ड, मडगार्डासाठी डिकी, असं करत करत रंगकाम गाडीला प्रदक्षिणा घालून पहिल्या दरवाजापाशी परत आलं. स्वयंपाकघरातला एक नळ बदलायला काढावा आणि अख्ख्या घराची फरशी उखडली जावी, तसंच हे. पैसे किती लागले ते नानांनी काकूंना एक सांगितलं, मला एक सांगितलं, आणि स्वतःला अजून सांगितलेलं नाही.

नवा रंग आत पूर्ण वाळायला वेळ लागतो, म्हणून महिनाभर वॅक्स लावायचं नाही, असं पेंटरनं बजावलं होतं. नानांनी बाळंतिणीसारखा सव्वा महिना पाळला. वारा लागू द्यायचा नाही, उन्हात न्यायची नाही आणि बघायला येणाऱ्यांनी हात लावायचा नाही.

त्यातच पासिंग आलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. आपली गाडी पाहून साहेब खुर्चीतून उठतील अशी नानांची कल्पना होती. साहेबांनी दिवे लावायला सांगितले, हॉर्न वाजवायला सांगितला, चासी नंबर ताडला आणि पुढच्या टेंपोकडे निघाले. नानांना राहवेना. "साहेब, रंग बघितला का?"

साहेब थांबले. "रंग बदललाय? मग कागदावर चढवावा लागेल."

"छे छे! बदलला नाही! तोच आहे! सिल्व्हरचा सिल्व्हर!" सहा महिने खपून दिलेला नवा रंग जुनाच आहे, हे पटवता पटवता नानांच्या घशाला कोरड पडली.

सगळं झालं आणि गाडी चालायची थांबली. म्हणजे चालू होती, पण नाना काढत नव्हते. बाजारात नेली तर कोणी दार आपटेल. कडुनिंबाखाली लावली तर पक्षी. हायवेला खडी उडते. काकूंना बहिणीकडे कोथरूडला जायचं तर नाना रिक्षा बोलवायचे. काकू मला म्हणाल्या, "कळकट होती तेव्हा दोनदा कोकणात नेली, एकदा पंढरपूरला नेली. उजळल्यापासून गेटच्या बाहेर नाही. आता मीही तोंडाला काही लावायचं सोडलंय."

मग दसरा आला. वाहनपूजा काकूंकडे. नानांनी अटी घातल्या : हळदकुंकू फक्त नंबरप्लेटवर, लिंबू चाकाखाली थेट नको, खाली प्लॅस्टिकचा कागद, आणि नारळ चार हात लांब. काकूंनी सगळं ऐकलं. झेंडूचा हार बोनेटवर सोडला, निरांजन ओवाळलं. तेवढ्यात वारा आला, हार घसरला आणि हार ओवलेल्या तारेचं टोक बोनेटवरून कर्रकन खाली उतरलं.

पार्किंगमध्ये कोणी बोलेना. नाना पुढे झाले. त्यांनी ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं नाही तर पॉलिशनं जातो, अडकलं तर लॅकरच्या पार गेलेला. नख अडकलं. वीतभर लांबीत ते तीन ठिकाणी अडकलं.

काकूंच्या हातातलं निरांजन तसंच राहिलं. नाना बराच वेळ बोनेटकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "चल, बस."

"कुठं?"

"जेजुरीला. दसरा आहे."

संध्याकाळी मी फाटकाशी उभा असताना गाडी आली. ओळखू येईना. दसऱ्याच्या गर्दीतला भंडारा टपावर, काचांवर, वायपरखाली. चंदेरी झेन सोन्याची होऊन आली होती. पावडर कोटिंगवर चिखलाचा थर. काकू पुढच्या सीटवर, कपाळभर भंडारा, मांडीवर प्रसादाची पिशवी. नाना उतरले, दार जरा जोरातच लावलं आणि माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवली.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

मी भीत भीत विचारलं, "नाना, तो ओरखडा?"

"राहू दे," ते म्हणाले. "इतके दिवस डॉक्टरची होती. आता घरची झाली."

मला वाटलं, सुटले नाना. मी पानं खिशात ठेवत होतो, तेवढ्यात त्यांची नजर हळूहळू खाली गेली, माझ्या गाडीच्या पुढच्या चाकावर जाऊन थांबली आणि कपाळाला आठी पडली.

"अजून ४२१७च?"