दुप्पट म्हणजे दुप्पट

सदाशिव पेठेत कुठलीही वस्तू फेकण्याआधी तिला आपली बाजू मांडायची संधी मिळते. माझ्या हायपोला, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या द्रावणाला, ती गेल्या रविवारी मिळाली.

डार्करूम म्हणजे आमची न्हाणी. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांकडे मी जरा वरूनच बघतो, त्यामुळे दाराला काळं कापड लावून आत अर्धा दिवस बसायचं बळ येतं. "अहो, आंघोळी व्हायच्यात!" याला मी उत्तर देत नाही. बाटली हुंगतो आणि "अजून दम आहे" असं, मुरलेल्या अत्तरवाल्याच्या थाटात, जाहीर करतो.

खरी परीक्षा इतकी सोपी आहे की तिच्यात मिरवायला जागाच नाही. रोलच्या तोंडाचा न धुतलेला तुकडा कापायचा, त्यावर हायपोचा थेंब ठेवायचा, अर्ध्या मिनिटाने अख्खा तुकडा हायपोत बुडवून घड्याळ लावायचं. दुधाळ फिल्म पारदर्शक होत जाते. थेंबाचा ठिपका दिसेनासा झाला की घड्याळ बंद. ताज्या हायपोच्या दुप्पट वेळ लागला, तर हायपो बाद.

बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : २ मिनिटं. रविवारी लागली ३ मिनिटं ५० सेकंद. आता ही काही दुप्पट नव्हे. १० सेकंद शिल्लक आहेत आणि त्यांचे पैसे मोजलेले आहेत.

हायपोत चांदीचे क्षार विरघळतात, हे जॉन हर्शेलने १८१९ साली छापून ठेवलं आणि तो तारे बघायला निघून गेला. पार आफ्रिकेच्या टोकाला जाऊन दक्षिणेचं आकाश मोजून आला. १८३९ साली फोटोग्राफीची बातमी कानावर आली, तेव्हा कागदावर फोटो उतरवणारा टॅलबॉट बिचारा ते पक्के करायला मिठाच्या पाण्यावर भागवत होता. हर्शेलने वीस वर्षांपूर्वीचं ज्ञान काढलं आणि त्याला सांगून टाकलं. फुकट! वीस वर्षं जपून ठेवलं इथवर माणूस पक्का सदाशिवपेठी. फुकट दिलं तिथे बाहेरचा ठरला. टॅलबॉटने मात्र १८४१ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याला पेरूगेटापाशी सहज जागा मिळाली असती.

तर १० सेकंद. ती मी वापरलीही असती, पण आईबाबांच्या लग्नाचा फोटो भिंतीवर आहे. बाबा स्वच्छ आहेत. आईच्या गालावरून कपाळापर्यंत तपकिरी डाग चढलाय. थकलेल्या हायपोत चांदीची अशी संयुगं होतात, की ती पाण्याने निघत नाहीत; कागदात दडून बसतात आणि वर्षानुवर्षांनी पिवळी-तपकिरी पडतात. फोटो हातात पडतो त्या दिवशी झकास दिसतो. स्टुडिओवाल्याला शाबासकीही मिळाली असेल. कुणीतरी तेव्हाही आपली १० सेकंदं वसूल केली, आणि आईचा तरुणपणचा दुसरा फोटो घरात नाही. मला याचा अजून राग येतो.

हायपो बाद.

मोरीत मात्र ओतलेला नाही. त्यातली चांदी मुठेतल्या उरल्यासुरल्या माशांना मानवणार नाही, आणि मुख्य म्हणजे, ती चांदी आहे! स्टीलवूल बुडवून ठेवलं की लोखंड विरघळतं आणि चांदी बाहेर पडते. हे नीट करणारा कुणी ओळखीचा असेल तर कळवावे. वाटणीचं चांदीचा भाव बघून ठरवू.